लहान खोली, नेटका संसार



आज आपण घरातल्या सामानाविषयी बोलणार आहोत. विषय लहान वाटेल. कोणी म्हणेल, "यात काय शिकायचं? सामान आहे, ते ठेवायचं!" पण कुठं ठेवायचं, हाच तर प्रश्न आहे.

पुढची खोली डोळ्यांसमोर आणा. दिवसा ती बैठकीची खोली. संध्याकाळी तिथेच मुले अभ्यासाला बसतात. रात्री तिथेच अंथरुणे पडतात. पाहुणा आला तर त्याचीही सोय तिथेच. एका खोलीला चार खोल्यांचे काम करावे लागते. त्यात खाटेखाली ट्रंक, ट्रंकेवर पोते, पोत्यावर गोधड्यांचा ढीग. ट्रंकेतला कागद हवा असेल तर अर्धे घर हलवावे लागते. मग घरात शब्दाला शब्द लागतो. "माझी पावती कुठं गेली?" "मला काय ठाऊक?" अशी भांडणे कोणाच्या घरी होत नाहीत? पावती घरातच असते. फक्त तिला जागा नसते.

म्हणून आज आपण जागेचा हिशेब करू. पैशाचा हिशेब आपण करतो, पेरणीचा करतो. तसाच हा.

जुन्या घरात काय होते?

आधी जुन्या घरांकडे पाहू. भिंती मातीच्या नाहीतर दगडाच्या. दोन-दोन फूट जाड. भिंत जाड, म्हणून भिंतीच्या पोटात जागा. दिव्याला दिवळी. देवाला कोनाडा. बरण्यांना आणि भांड्यांना फडताळ. धान्याला कणगी किंवा बळद. कपड्यांना आडवी दांडी. टोपीला खुंटी. दुधातुपाला शिंके. आणि वर माळा. नीट पाहा, यातल्या बहुतेक वस्तूंनी खोलीतली जमीन अडवलेली नाही. सामान भिंतीत होते, नाहीतर वर टांगलेले होते. माणसांना जमीन मोकळी होती.

आता घरे बदलली. विटेची भिंत नऊ इंचांची असते. आतली भिंत साडेचार इंचांचीही असते. तिच्यात कोनाडा खोदायला गेलो तर शेजारच्या खोलीत हात निघेल! घरेही आटोपशीर झाली. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ साली सुरू झाली. त्या योजनेतले घर निदान २५ चौरस मीटरचे असावे असे ठरले. पूर्वी हे माप २० चौरस मीटर होते. २५ चौरस मीटर म्हणजे सुमारे २७० चौरस फूट. त्यातच स्वयंपाकाची जागा आली.

पक्के घर झाले, ही चांगली गोष्ट झाली. गळती थांबली. पण कोनाडे गेले, फडताळे गेली, माळा गेला. भिंतीतले सामान जमिनीवर उतरले. आणि जमीन तर आधीच थोडी. म्हणून भिंतीने जे काम सोडले, ते आता लाकडाकडून करून घ्यायचे आहे.

उतरंड काय शिकवते?

यासाठी नवे डोके लढवायला नको. आपल्या घरात एक जुनी युक्ती आहे. ती म्हणजे उतरंड. खाली मोठे मडके, त्यावर लहान, त्यावर आणखी लहान. पाच मडकी, पण जमीन अडते एकाच मडक्याची. हा उतरंडीचा गुण.

पण तिच्यात एक दोषही आहे. खालच्या मडक्यातली डाळ हवी असेल तर वरची चारही मडकी उतरवावी लागतात. ट्रंकेवर पोते आणि पोत्यावर गोधडी, ही तशीच उतरंड झाली.

मग गुण घेऊ आणि दोष टाकू. एकावर एक रचायचे, पण तोंड वर ठेवायचे नाही. तोंड समोर ठेवायचे. म्हणजे वरचे न हलवता खालचे काढता येईल. समोरून उघडी असलेली पेटी, एकीवर एक. आपल्या आजच्या योजनेचा पाया हाच.

दुसरी युक्ती बाजारात दिसते. तेलाचे १५ किलोचे चौकोनी डबे पाहा. सगळे एका मापाचे. दुकानदार ते शेजारी शेजारी लावतो, एकावर एक लावतो, मध्ये बोट शिरत नाही. तेच गोल घागरी आणि वाकडी गाठोडी ठेवून पाहा. निम्मी जागा फटींतच जाते. तेव्हा दुसरा नियम असा : माप सारखे ठेवावे.

जपान देशातही लोकांना हे कळले. तिथे जुन्या पद्धतीच्या घरात जमिनीवर गवती चटया बसवलेल्या असतात. चटई सुमारे सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद. खोली किती मोठी, असे विचारले तर "सहा चटयांची" असे उत्तर मिळते. लोक रात्री जमिनीवर गाद्या घालतात. सकाळी घडी करून भिंतीतल्या कपाटात ठेवतात. ते कपाटही चटईच्या मापाला धरूनच बांधलेले असते. म्हणजे एका मापावर सगळे घर उभे. आपणही गोधड्या रोज गुंडाळतो. फक्त त्यांच्या घडीच्या मापाचे कपाट आपण करत नाही.

पहिली पायरी : चार ढीग

सुताराला लगेच बोलावू नका. आधी घर बघा. उन्हाचा एक दिवस निवडा. खोलीतले सगळे सामान अंगणात काढा. गोधड्यांना ऊन लागेल, ढेकूण जातील, हा वरचा फायदा.

मग चार ढीग करा.

पहिला ढीग रोज लागणाऱ्या वस्तूंचा. अंथरूण, रोजचे कपडे, मुलांची दप्तरे, चष्मा, रोजची औषधे.

दुसरा ढीग आठवड्या-पंधरवड्याने लागणाऱ्या वस्तूंचा. बाजाराच्या पिशव्या, शिवणाचे सामान, हातोडी-पकड.

तिसरा ढीग वर्षातून एकदा-दोनदा लागणाऱ्या वस्तूंचा. लग्नाचे शालू, गणपतीची आरास, थंडीतली जाड पांघरुणे.

चौथा ढीग कधीच न लागणाऱ्या वस्तूंचा. फुटका कंदील, तुटकी छत्री, रिकाम्या बाटल्या.

चौथा ढीग बघून तुम्हीच थक्क व्हाल. या वस्तूंसाठी कपाट करणे म्हणजे उंदराला पाहुणचार करणे. पण इथे एक जपा. आपल्याला जे अडगळ वाटते, ते घरातल्या म्हातारीला मोलाचे असू शकते. तिच्या पेटीला तिला विचारल्याशिवाय हात लावू नये. ती "टाक" म्हणाली तर टाका. "राहू दे" म्हणाली तर राहू द्या.

दुसरी पायरी : माप

आपली जुनी मापे वीत आणि हात. दोन विती म्हणजे एक हात. एक हात म्हणजे सुमारे दीड फूट. अंदाजाला ही मापे चांगली. पण तुमची वीत आणि सुताराची वीत सारखी नसते. म्हणून फळी कापायची तेव्हा मोजपट्टीच हवी.

एवढे ध्यानात ठेवा. १ फूट म्हणजे १२ इंच. १ इंच म्हणजे ८ सूत. हे सुताराचे माप. दुकानात मात्र प्लायवूडची जाडी मिलीमीटरमध्ये सांगतात. १ इंच म्हणजे सुमारे २५ मिलीमीटर. म्हणून १८ मिलीमीटरची प्लाय म्हणजे पाऊण इंचाला किंचित कमी.

आता खोली मोजा. लांबी लिहा, रुंदी लिहा. दार कुठे आहे, ते आत उघडते की बाहेर, ते लिहा. खिडकी जमिनीपासून किती उंचीवर आहे, ते लिहा. विजेची बटणे कुठे आहेत, ते लिहा. लिहायला येते, तर डोक्यावर भार कशाला?

तिसरी पायरी : कागदावरची खोली

मुलाची चौकटीची वही घ्या. एक चौकट म्हणजे अर्धा फूट समजा. खोली १२ फूट लांब आणि १० फूट रुंद असेल, तर वहीत २४ चौकटी लांब आणि २० चौकटी रुंद असा चौकोन काढा. ही झाली तुमची खोली. दार आणि खिडकी खुणेने दाखवा.

आता दुसऱ्या कागदाची खाट कापा. खाट ६ फूट लांब आणि ३ फूट रुंद असेल, तर तुकडा १२ चौकटी लांब आणि ६ चौकटी रुंद होईल. तशीच ट्रंक कापा. तसेच कपाट कापा. हे तुकडे कागदाच्या खोलीत ठेवून बघा. सरकवून बघा. खरी खाट चार वेळा सरकवली तर कंबर धरते. कागदाची खाट शंभर वेळा सरकवली तरी काही बिघडत नाही.

तीन गोष्टी बघाव्या. दार पुरते उघडते का? दारापासून आतल्या खोलीपर्यंत दोन-अडीच फुटांची वाट मोकळी राहते का? खिडकीचा उजेड आणि वारा अडत नाही ना? तिन्हींचे उत्तर ठीक आले, की कपाटाची जागा ठरली. मग तेवढी जागा जमिनीवर खडूने आखा. दोन दिवस त्या रेघेच्या बाहेरून चाला. पाय अडखळला तर अजून खडूच पुसायचा आहे, लाकूड कापलेले नाही.

चौथी पायरी : पेटीचे गणित

आता पेटी ठरवू. आमची सूचना अशी : पेटी ३० इंच लांब, १५ इंच उंच आणि १५ इंच खोल करावी. हेच माप का? त्याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण गोधडीचे. गोधडी ६ फूट लांब आणि ४ फूट रुंद धरा. लांबीत तीन पदर केले की २ फूट होतात. रुंदीत चार पदर केले की १ फूट होतो. म्हणजे घडी २४ इंच लांब आणि १२ इंच रुंद झाली. आपल्या पेटीत ती मोकळेपणी बसते. बेताच्या जाडीच्या दोन गोधड्या एका पेटीत मावतात.

दुसरे कारण रचनेचे. ३० ही १५ ची दुप्पट. पेटी आडवी ठेवली तर १५ इंच उंच. उभी केली तर ३० इंच उंच. दोन आडव्या पेट्या एकीवर एक ठेवल्या तर एका उभ्या पेटीएवढ्या होतात. दोन उभ्या शेजारी ठेवल्या तर एका आडव्या पेटीएवढी लांबी होते. कशीही रचा, कडेला कड मिळते.

तिसरे कारण पैशाचे. प्लायवूडच्या तक्त्याला दुकानदार शीट म्हणतो. शीट ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद मिळते. म्हणजे ९६ इंच आणि ४८ इंच. तिच्या लांबीत १५ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या काढा. तीन पंधरे पंचेचाळीस. ४८ मधले ३ इंच उरले. थोडे करवतीच्या भुशात जातील.

आता एक पट्टी घ्या. ती ९६ इंच लांब आहे. पेटीची वरची फळी ३० इंच, खालची ३० इंच. दोन्ही बाजूंच्या फळ्या वरच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये बसतात. म्हणून १५ इंचांतून दोन फळ्यांची जाडी वजा करा. पाऊण आणि पाऊण म्हणजे दीड इंच. राहिले साडेतेरा इंच. अशा दोन बाजू. एकूण बेरीज करा :

३० + ३० + १३॥ + १३॥ = ८७ इंच.

९६ मधून ८७ गेले, ९ उरले. म्हणजे एका पट्टीत एक पेटी, आणि एका शीटमध्ये तीन पेट्या. पट्टीचा उरलेला तुकडा करवत फिरल्यावर साडेआठ इंचांच्या आसपास राहील. तो साडेतेरा इंच उंच कापून पेटीच्या मधोमध उभा लावा. पेटीला आधार मिळतो आणि एका पेटीचे दोन खण होतात. शीटच्या कडेची अडीच-तीन इंची पट्टीही टाकू नका. पेटी भिंतीला बांधताना ती आधाराला लागते.

मागच्या बाजूला ६ मिलीमीटरची पातळ प्लाय लावावी. पाठ नसली तर पेटी तिरकी होते, डुलते. अशा एका पातळ शीटमधून ३० बाय १५ चे नऊ तुकडे निघतात. तेव्हा जाड प्लायच्या तीन शीट आणि पातळ प्लायची एक, एवढ्यात नऊ पेट्या झाल्या.

सुतार अनुभवी असतो. त्याला हा हिशेब दाखवा आणि त्याचे मत विचारा. पण हिशेब आपल्यालाही आला पाहिजे. मग माल किती आणायचा, यावर अंधारात मान डोलवावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र मनात पक्की धरा. फळी लांब करण्याचा मोह नको. फळी दुप्पट लांब केली आणि मधोमध तेवढेच ओझे ठेवले, तर ती दुप्पट वाकत नाही. आठपट वाकते! उलट जाडी दुप्पट केली तर वाक आठव्या हिश्श्यावर येतो. म्हणून अडीच फुटांची फळी वह्या-पुस्तकांचे ओझे पेलते, आणि पाच फुटांची तीच फळी काही दिवसांत झोळीसारखी लोंबते.

पाचवी पायरी : कुठे काय?

नऊ पेट्या आहेत. तीन-तीनच्या तीन रांगा लावल्या. लांबी झाली ९० इंच, म्हणजे साडेसात फूट. खोली सव्वा फूट. जमीन अडली सुमारे साडेनऊ चौरस फूट. आपली खोली १२० चौरस फुटांची. म्हणजे बारावा हिस्साही गेला नाही, आणि सगळे सामान जागेवर बसले.

खालची रांग अंथरुणांची. तिथे सहा गोधड्या राहतील. जड सामान नेहमी खाली ठेवावे.

मधली रांग माणसांची. तीन पेट्या, प्रत्येकीचे दोन खण. झाले सहा खण. नवरा, बायको, आई, दोन मुले असे पाच जण धरले, तर प्रत्येकाला एक खण. सहावा पाहुण्याचा.

वरची रांग घराची. एका पेटीत मुलांची पुस्तके. दुसरीत शिवण, हत्यारे असे पंधरवड्याचे सामान. तिसरीला दार आणि कुलूप. तिच्यात महत्त्वाचे कागद.

वर्षातून एकदा लागणारे सामान ट्रंकेत घालून खाटेखाली सरकवावे. आता ट्रंक रोज ओढायची नाही.

बसायला ओटा हवा असेल तर तीन पेट्या खिडकीखाली मांडा. खाली विटांचा एक थर ठेवा. पंधरा इंचांची पेटी आणि तीन इंचांची वीट, मिळून अठरा इंच. बरोबर एक हात. माणसाला बसायला ही उंची चांगली. वर घोंगडी टाकली की पाहुण्याची सोय झाली. उद्या मुलगी शिकायला तालुक्याला गेली, तर तिची पेटी तिच्याबरोबर जाईल. म्हणून पेट्या एकमेकींना खिळ्यांनी ठोकू नका. नट-बोल्टने आवळा. सुटतातही आणि पुन्हा जुळतातही.

वाळवी, ओल आणि पोरांचा जीव

आता चार सावधगिरीच्या गोष्टी.

पहिली, ओल. पेटी जमिनीला आणि भिंतीला टेकवू नये. खाली विटांचा थर, मागे दोन बोटे फट. हवा खेळली पाहिजे. वाळवी लपूनछपून येते. फट असली की तिची मातीची रेघ लगेच दिसते. प्लाय घेताना आयएसआय छाप बघावा आणि ओल सोसणारी प्लाय मागावी. भुशाचा दाबून केलेला बोर्ड स्वस्त पडतो, पण पाणी लागले की पावासारखा फुगतो. कापलेल्या कडांना रंग किंवा वॉर्निश जरूर द्यावे. पाणी कडेतूनच आत शिरते.

दुसरी, कपाट पडणे. लहान मूल फळ्यांना शिडी समजते. एक पाय खालच्या फळीवर, दुसरा वरच्या फळीवर. मोकळे कपाट त्याच्या अंगावर येते. म्हणून तीन पेट्यांची उंची असेल, तर वरची पेटी लोखंडी एल पट्टीने आणि स्क्रूने पक्क्या भिंतीला बांधलीच पाहिजे. भिंत मातीची असेल तर स्क्रू धरत नाही. तिथे घराच्या लाकडी खांबाला बांधा. खांब नसेल तर दोनच पेट्यांची उंची ठेवा. हे काम "उद्या करू" म्हणून ठेवायचे नाही. पेट्या रचल्या त्याच दिवशी करायचे.

तिसरी, विष. फवारणीचे औषध या खोलीत, खाटेखाली किंवा धान्याजवळ कधीही ठेवू नये. सरबताच्या बाटलीत तर कधीच ओतू नये. मूल बाटली ओळखते, आतले औषध ओळखत नाही. औषध त्याच्या मूळ डब्यात, घराबाहेर, कुलपात असावे. किल्ली मोठ्या माणसाकडे असावी. घरातली डॉक्टरांची औषधेही मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवू नयेत. ती कुलपाच्या पेटीत ठेवली तरी चालतील.

चौथी, कागद. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांत महापूर आला. जुलै २०२१ मध्ये महाड आणि चिपळूण पाण्यात बुडाले. अशा वेळी माणूस मुलाला उचलतो, म्हातारीला उचलतो, जनावर सोडतो. कागद आठवायला वेळ नसतो. सातबाराचा उतारा पुन्हा काढता येतो. पण शाळेचा दाखला, रेशनकार्ड, जुने खरेदीखत पुन्हा मिळवायचे म्हणजे किती खेटे! म्हणून सगळे कागद एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, वरच्या पेटीत ठेवावे. ती पिशवी कुठे आहे, हे घरातल्या सगळ्या मोठ्यांना ठाऊक असावे. एकट्या कर्त्या माणसाला नव्हे.

पैसा कसा जमवावा?

"हे सगळं खरं, पण पैसा?" असे तुमच्या मनात आले असेल. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण कपाटालाही लागू आहे. नऊ पेट्या एकदम कराव्या असे मुळीच नाही. माप एकच आहे ना? मग यंदाच्या सुगीला एक शीट आणा. तीन पेट्या होतील. पुढच्या सुगीला आणखी तीन. नव्या पेट्या जुन्या पेट्यांवर बरोबर बसतील. मोठे तयार कपाट घेतले तर ते एकदमच घ्यावे लागते. हप्त्यावर देतो म्हणाले, तर सगळ्या हप्त्यांची बेरीज करून बघा. मग रोखीची किंमत विचारा. दोन्हींत किती फरक आहे, ते आपल्या हाताने लिहा. कपाटासाठी कर्ज काढू नका. कपाट दाणे पिकवत नाही.

प्लायच हवी असेही नाही. घरात जुने सागाचे दार पडलेले असेल, तर त्याच्या फळ्या निघतात. कडाप्प्याच्या फरशा विटांच्या खांबांवर ठेवल्या तरी चांगली मांडणी होते. तिला वाळवीचे भय नाही. केरळात लॉरी बेकर नावाचे वास्तुरचनाकार होते. १९१७ साली इंग्लंडात जन्मले, भारतात राहिले आणि २००७ साली केरळातच वारले. कमी खर्चात चांगली घरे बांधण्याबद्दल त्यांचे नाव झाले. त्यांच्या घरांत बसायचे ओटे आणि फळ्या पुष्कळदा बांधकामातच केलेल्या असत. घरकुल बांधायला निघाला असाल, तर गवंड्याला आधीच सांगा. भिंत उठताना फळीला आधार ठेवणे सोपे असते. भिंत झाल्यावर फोडणे महाग पडते.

ज्याचा खण त्याचे नाव

शेवटी एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती आम्हाला सर्वांत मोठी वाटते.

घरात पुरुषाची खुंटी असते. मुलांचे दप्तर असते. पण घरातल्या बाईची स्वतःची जागा कोणती? सगळे घर ती आवरते, आणि तिची एक वही ठेवायला तिला जागा नसते. बचत गटाचे पासबुक डाळीच्या डब्यात. माहेरचे पत्र उशीच्या अभ्र्यात. वाचनवर्गाचे पुस्तक चुलीमागच्या फळीवर, धुराने काळे झालेले. कुणी म्हणेल, "बाईला वेगळा खण कशाला? सारं घर तिचंच आहे." तर त्याला विचारावे, "सारं घर तुझंही आहे ना? मग तुझ्या पाकिटात दुसऱ्यानं हात घातला तर तुला चालतो का?"

म्हणून मधल्या रांगेतला एक खण तिचा. त्यात काय ठेवायचे ते ती ठरवील. म्हाताऱ्या आईचाही एक खण. तिची जपमाळ, तिची सुपारीची डबी, तिचे दोन धडके. वाकावे लागू नये म्हणून हा खण कमरेच्या उंचीवर द्यावा. मुलीचाही खण मुलाएवढाच. सव्वा फुटाचा चौकोन तो! पण "हा माझा" असे म्हणता आले की माणूस आपल्या वस्तू जपतो आणि दुसऱ्याच्या वस्तूंना मान देतो. पसारा निम्मा तिथेच संपतो.

तेव्हा आता घरी गेल्यावर एवढे करा. मोजपट्टी घ्या, नाहीतर शेजाऱ्याकडून मागून आणा. खोलीची लांबी आणि रुंदी वहीत लिहा. घरात माणसे किती, त्यांची नावे लिहा. नावांइतके खण मोजा. सुतार नंतर येईल.

आणि पेट्या तयार झाल्या, की प्रत्येक खणावर कागदाची एक चिठ्ठी चिकटवा. तिच्यावर ज्याने त्याने आपले नाव लिहावे. आपल्या हाताने लिहावे. अक्षर वाकडे आले तरी चालेल. खण सरळ आहे ना, मग झाले.